विक्रीसाठी नाही

१२ नोव्हेंबर, मंगळवार
हे सकाळी एस्प्लनेडला चष्मा आणायला गेले होते. आले, हातपाय धुतले, जेवायला बसले आणि आमटी ओरपता ओरपता म्हणाले, "अगं, तुझी रेकॉर्ड दिसली आज. फुटपाथवरच्या जुन्या रेकॉर्डवाल्याकडे."
माझी रेकॉर्ड! लग्नानंतर पहिल्यांदा इथे कोलकात्याला बदली झाली तेव्हा गायलेली दोन मराठी गाणी. कंपनीने रेडिओवाल्यांना पाठवायला थोड्या नमुना प्रती काढल्या, मग बेतच रद्द केला. दुकानात ती कधी आलीच नाही. आमची प्रत नागपूरच्या बदलीत ट्रंकेखाली मोडली.
"कुठंय?"
"घेतली नाही. वर शिक्का होता, 'विक्रीसाठी नाही'. म्हणजे कुठल्या तरी ऑफिसातून बाहेर पडलेला माल. असला माल आपण घ्यायचा?"
जन्म गेला बँकेच्या तपासणी खात्यात. माणूस निवृत्त झाला, खातं नाही.
मी ताट उचललं.

१३ नोव्हें.
चहाचा कप आदळूनच ठेवला. हे न सांगता एस्प्लनेडला. रिकाम्या हाताने परत. कालच विकली गेली. तोंड इतकं उतरलेलं, की राग धरवेना. पोहे केले. दोघांनीही टाकले.
मला स्वतःसाठी नकोच होती ती. मुक्तासाठी हवी होती. ती दोन वर्षांची असताना माझं थायरॉइडचं ऑपरेशन झालं आणि गळ्याचा हा असा डबा झाला. अंगाईसुद्धा मी तिला पुटपुटून म्हटली. आई गायची, हे तिला ऐकून माहीत. गाणं ऐकलेलं नाही. एकदा ऐकावं तिने, एवढंच होतं.

१५ नोव्हें.
सलग चौथ्या दिवशी हे एस्प्लनेडला. दुकानदार कंटाळला असावा, शेवटी पत्ता दिला. निर्मलबाबू म्हणून कोणी आहेत बागबाजारात, ते असल्या नमुना प्रतीच गोळा करतात.
"शिक्का असला की त्यांना जास्तच हवी असते म्हणे," हे अजून अचंब्यात.
मु.ला फोन केला. म्हणाली, "आई, मी पण येणार. मला तुझी आवाज ऐकायची आहे." पोर इथेच वाढली, मराठी तसंच. एरवी मी सुधारते. आज नाही.

१७ नोव्हें., रविवार
बागबाजार. निर्मलबाबूंनी नोव्हेंबरातच माकडटोपी चढवलेली. खोलीत भिंतभर रेकॉर्डी, सगळ्या शिक्क्यांच्या. मी कोण हे कळल्यावर टोपी काढली. "बौदी, ये आप हैं?" बौदी म्हणजे वहिनी. मग संदेश मिठाई, मग चहा, मग शब्दांचा अर्थ. गाणं रोज ऐकतात, अक्षर कळत नाही. सांगितला अर्थ, जमला तसा.
मु.ने मोबाईल काढून जवळ ठेवला. सुई टेकली.
काय लिहू. बावीस वर्षांची ती मुलगी, कसलाही घोर नसलेली. सूर लागेल का, असं तिच्या मनातही नाही, लागतोच आहे. वाटलं, तिला हाक मारून सांगावं, बाई, गाऊन घे भरपूर. मु. माझा हात घट्ट धरून. हे पूर्ण वेळ खिडकीबाहेर बघत. तिकडे समोरच्यांचा टॉवेल वाळत होता, दुसरं काही नाही.
संपल्यावर ह्यांनी घसा खाकरून विचारलं, "कितने में देंगे?"
निर्मलबाबूंनी लेबलवरचा शिक्का दाखवला. "देखिए ना दादा, लिखा हुआ है. बेचने का नहीं है."
शिक्का बघताच ह्यांनी पाकीट परत खिशात घातलं! मु. हसत सुटली, मीही.
दुसरी बाजू ते लावत होते. मीच नको म्हटलं, एका दिवसाला एवढं पुरे. "तो अगले रविवार. बौदी को आना पड़ेगा."

१८ नोव्हें.
सकाळी मु.चा फोन. "काल मी रेकॉर्ड केलं ना, ते ऐक. दुसऱ्या कडव्याला नीट ऐक. दोन आवाज आहेत."
मोबाईल कानाला लावून ऐकलं. सुईची खरखर, निर्मलबाबूंचा खोकला, वर ती मुलगी. आणि तिच्या खाली एक घोगरा, अर्ध्या श्वासाचा सूर, तिचा हात धरून चालल्यासारखा. कडवं संपेपर्यंत.
मी गात होते. मला पत्ताच नाही.
ह्यांना ऐकवलं. म्हणाले, "ठाऊक आहे. मी शेजारीच होतो."
"मग बोलला नाहीत?"
"म्हणून तर खिडकीबाहेर बघत होतो. तुझ्याकडे बघितलं असतं तर थांबली असतीस."
इतक्या वर्षांत हा माणूस मला कळला असं मी समजत होते.

२१ नोव्हें.
दुपारी घरात कोणी नसताना दुसऱ्या गाण्याचे शब्द आठवून बघितले. शेवटची ओळ सापडत नाही.
मु.चा मेसेज: रविवारी मोबाईल कुठे ठेवू, रेकॉर्डजवळ की तुझ्याजवळ?
अजून उत्तर दिलेलं नाही.