नूपुरसाठी राखलेलं सोनं

तीर्थस्वरूप विश्वनाथमामांना,
मु. पो. पारशिवनी

ऋषिकेशचा साष्टांग नमस्कार. नूपुरने सोन्यासाठी हात पुढे केला आणि माझा खिसा रिकामा निघाला, त्या क्षणापासून माझं सगळं फिरलं आहे. पण रीत सोडू नये, म्हणून आधी विचारतो : गुडघा कसा आहे? मामीचा खोकला? (फोन केला नाही, कारण फोनवर तुम्ही समजावता आणि मी भडकतो. कागद समजावत नाही.)

तर मामा, नूपुर म्हणजे आमच्या गल्लीतली ती, जी रविवारी सकाळी तेलंगखेडीच्या बागेत लोकांना जुन्या वास्तू दाखवत फिरवते. लोक म्हणजे सगळे पेन्शनर, आणि मी. दसऱ्यानंतरचा रविवार. दुपारी ऑक्टोबरची हीट, पण सकाळी जरा गारवा. बाग शांत. ती भोसल्यांच्या वेळच्या दगडी मंडपाबद्दल सांगून राहिली होती आणि मी खांबाऐवजी तिच्याकडे बघत होतो. (मामा, तुम्हीही तरुण होता.) खिशात आपट्याची पानं. बेत असा, की सोनं तिच्या हातावर ठेवायचं आणि उन्हाळ्यापासून घशात अडकलेलं बोलून टाकायचं. खिशातून पानं काढली, तेवढ्यात खापरखेड्याच्या वीजकेंद्रातून रिटायर झालेले गोपाळराव गरजले, "अबे पोट्ट्या, मोठ्याइले सोडून पोरीले सोनं देऊन राहिला का? आम्ही का लोखंड आहो?" झालं! सगळे पेन्शनर मंडपाच्या पायऱ्यांवर ओळीने बसले. पान द्या, पाया पडा, आशीर्वाद घ्या. (एका काकूंनी आशीर्वाद देता देता माझी जन्मवेळ विचारून घेतली.) नूपुरपाशी पोचलो तोवर वाकून वाकून मला घेरी आली होती आणि खिशात फक्त बसचं तिकीट. ती हात पसरून उभी. माझं डोकं सटकलं. मागच्या झाडाचं तसंच जोडपान ओरबाडलं आणि ठेवलं तिच्या तळहातावर.

तिने पान उलटंसुलटं पाहिलं. "ऋषिकेश, हा कांचन आहे. बॉटनीच्या फायनलले आहो म्हणत होता ना? मग आपटा नाही ओळखता येत गा तुले?"

वाळकी पानं ओळखण्यात जन्म घालवणार नाही, असं सरांना तोंडावर सुनावून मी दुसऱ्या वर्षातच कॉलेज सोडलं, हे तुम्हाला ठाऊक, तिला नव्हतं. सांगितलं. सगळ्यांसमोर. (गोपाळरावांनी कानाचं मशीन नीट बसवून घेतलं.) ती म्हणाली, "सोडलं त्याचं काही नाही गा. खोटं काहून बोलला? आता कॉलेजात गेला, तरच वॉकले ये."

मी तिथल्या तिथे शपथ घेतली, की ना ती, ना ती बाग, ना कुठलं झाड पुन्हा पाहणार. पोरीच्या एका शब्दावर मी वर्गात जाऊन बसेन, असं कोणी समजू नये. मला तिची आठवणही येत नाही. (हे लिहिताना सारखा गच्चीवर जाऊन येतो आहे, तो हवा खायला. तिथून तिचं घर दिसतं, त्याला मी काय करू?)

आपला भाचा,
ऋषिकेश

ता. क. : आमचे सर तुमचे वर्गमित्र ना? त्यांच्या कानावर एक शब्द घाला. माफी मागायला मी तयार आहे, वर्गासमोर म्हणाले तर वर्गासमोर. नूपुरचा याच्याशी काही संबंध नाही.

आणखी एक : तुमचं उत्तर येईपर्यंत माझ्याने थांबवत नाही. सरांच्या घरी मीच निघालो. आई आतून ओरडून राहिली, "जेवाच्या टायमाले कुठं चालला रे?" हे पत्र वाटेत पेटीत टाकतो. तुम्हाला मिळेल तोवर एकतर मला वर्गात घेतलेलं असेल, नाहीतर सरांशी पुन्हा भांडण झालेलं असेल. दोन्ही बाबतीत त्यांना फोन कराच. चपला घातल्या. दार लावून निघालो.