दोन्ही घंटा

चर्चच्या दारावर ठोकलेला कागद तुझ्या हातचा आहे, लापो. सही कार्डिनलची असेल, पण अक्षर तुझं. ओळीच्या शेवटी उंदराच्या शेपटीसारखा फराटा सबंध गावात तू एकटाच ओढायचास. आठ वर्षांचा असताना भट्टीच्या भिंतीवर कोळशाने तूच मला अक्षरं शिकवलीस, तेव्हा मला बनवायला जाऊ नकोस. चौदा महिन्यांत आजीला एक पत्र आणि चर्चच्या दाराला दोन कागद. ही कुठली रीत?

मोंतेग्रेल्ले, संत मार्तिनच्या सणाचा दुसरा दिवस, सन १३७६.

आशीर्वाद. मी बरी आहे. गुडघा दुखतो. भट्टी चालू आहे, पण पीठ चाळायला कोणी नाही, म्हणून पावात कोंडा येतो. गिऱ्हाइकं तक्रार करत नाहीत. तेवढी गिऱ्हाइकं उरलीच नाहीत. तू विचारशील, माझी बहीण नूता घरात असताना पीठ चाळायला कोणी नाही म्हणजे काय? सांगते. आधी बाकीचं.

पोपच्या किल्लेदाराला गावाने हाकललं, ते बरोबर की चूक हे तुमच्या कचेरीत ठरवा. तो लोकांच्या लेकीसुनांच्या मागे लागायचा, एवढं मला ठाऊक. मग तुझा पहिला कागद आला, धर्मबंदीचा. घंटा बंद, लग्नं बंद, मेलेल्याला पवित्र माती बंद. मेंगो पाद्र्याने घंटांचे लोळे गवताच्या दोराने आवळले, मनोऱ्याची किल्ली माझ्या हातात दिली आणि खेचरावर बसला.

“तेस्साबाई, तुमचं घर जवळ आहे, लक्ष ठेवा.”

“देवाचं घर त्याहून जवळ आहे. त्याला एकट्याला टाकून कुठे निघालात?” मी विचारलं. त्याने खेचराला टाच मारली.

पण माणसं मरायची थांबली नाहीत. तापाला काही तुझा कागद वाचता येत नव्हता. तुझी आई थंडीत गेली हे तुला कळवलं होतं. तिला कुठे ठेवलं, ते कळवलं नव्हतं. कुत्र्याच्या जागी पुरायची कोणाचीच तयारी नव्हती. म्हणून पिंपवाल्या वान्नीने युक्ती काढली. मेलेल्याला दारूच्या पिंपात बसवायचं, मिठाचं पाणी भरायचं, झाकण डांबराने बंद करून वर खूण करायची. वेशीबाहेर ऑलिव्हच्या झाडांखाली अशी एकतीस पिंपं उभी होती. बंदी उठली की पवित्र मातीत न्यायची.

“यंदा दारू कशात भरणार रे?” मी वान्नीला विचारलं.

“यंदा गावच मुरत ठेवलंय, आजी,” तो म्हणाला.

नूता दर रविवारी आईच्या पिंपाला टेकून बसायची आणि तिला गावच्या बातम्या सांगायची. मी म्हणायचे, “अगं, जिवंतपणी तिने कधी ऐकलं का तुझं?” ती म्हणायची, “म्हणून तर आता सांगते. आता उठून जात नाही.”

मग तुझं पत्र आलं. द्राक्षतोडणीच्या आत बंदी उठणार, कार्डिनलसाहेबांच्या तोंडून ऐकलंय, घंटा वाजल्या की आईला आत न्या. हे पत्र मी चौकात उभं राहून वाचलं. मोठ्याने, दोनदा. लोक रडले. बायकांनी चांगले कपडे धुऊन ठेवले. तू खोटं लिहिलंस असं मी म्हणत नाही. तुला खोटं सांगून लिहायला लावलं असेल. कोणाच्या पायाशी बसून लिहितोस, ते तूच बघ.

तोडणीच्या चौथ्या दिवशी सकाळी नदीच्या वाटेवर धूळ दिसली. पोपच्या पदरचे भाडोत्री, परदेशी घोडेस्वार. वेस बंद होती. आपली भिंत जुनी असली तरी जाड आहे, दोन दिवस सहज टिकली असती. पण घंटा वाजल्या. संकट आलं की मोठी घंटा एकटी वाजते आणि सण असला की दोन्ही, हे आपल्याकडे पाळण्यातल्या पोरालाही कळतं. त्या दिवशी दोन्ही वाजल्या. लोकांनी आपल्या हाताने वेस उघडली आणि पिंपांतली आपली माणसं आणायला ते ऑलिव्हच्या बागेत धावले.

नूताने पिवळा झगा घातला होता, लग्नासाठी शिवलेला, बंदीमुळे वर्षभर पेटीत पडलेला. ती आणि वान्नी आईचं पिंप ढकलत चर्चच्या पायऱ्यांपर्यंत आले. मागून घोडे आले. पायऱ्यांशीच वान्नीची कवटी फुटली. पिंपं बघून भाडोत्रींना दारूच वाटली. एकाने आईच्या पिंपावर कुऱ्हाड घातली आणि फटीला तोंड लावलं. मग आत काय आहे ते त्याला दिसलं. तो ओकला आणि बाकीचे हसले. नूता हसली नाही. तिने त्याच्या तोंडावर दगड हाणला. त्याने तीच कुऱ्हाड तिच्या मानेत घातली. एका घावात झालं नाही. मी मनोऱ्यातून खाली पोचले तेव्हा तो दुसरा घालत होता.

शेजारी आपल्या दाराशी भट्टीचा लोखंडी आकडा होता. मी तो मागून त्याच्या कानाखाली घातला आणि तो हलायचा थांबेपर्यंत घालत राहिले. म्हातारीकडे कोणाचं लक्ष नव्हतं, सगळे घरांत शिरले होते. त्याला मारल्याचा मला पश्चात्ताप नाही. मेंगो परत आला तर त्यालाही हेच सांगेन.

मनोऱ्यातून खाली, असं लिहून गेले. तू वकिली शिकलास, तुझ्या नजरेतून ते सुटायचं नाही. तर ऐक. धूळ मीच पाहिली, किल्ली माझ्याकडे होती. पावाच्या सुरीने लोळ्यांचे दोर कापले. पण घंटा ओढायचे दोन्ही दोर मेंगोने एकत्र गाठ मारून ठेवले होते. गाठ सोडायला वेळ लागला असता, म्हणून मी दोन्ही ओढले. म्हटलं, धूळ दिसेलच की लोकांना. वरून बघते तर लोक हसत बाहेर पळतायत. मी ओरडले, वेस लावा. कोणाला ऐकू जाणार? म्हणून मी आणखी जोराने ओढलं. जितकं ओढलं, तितकी माणसं बाहेर आली. नूताने वर बघून मला हात केला.

हे मी कोणाला सांगितलेलं नाही. जे उरलेत ते म्हणतात, देवदूताने वाजवल्या. म्हणू देत.

तीन दिवसांनी भाडोत्री गेले. आम्ही अकरा बायांनी चर्चचं कुलूप फोडलं, अंगणात खड्डे खणले आणि सगळ्यांना पवित्र मातीत घातलं. पिंपांतल्यांना आणि त्या दिवशीच्यांना. प्रार्थना मला येते तेवढी म्हटली. तुझी आई आणि नूता एकाच खड्ड्यात आहेत, दक्षिणेच्या भिंतीशी, अंजिराखाली.

आणि काल तुझा दुसरा कागद आला. बंदी असताना पवित्र जमिनीत पुरलेली प्रेतं पंधरा दिवसांत उकरून वेशीबाहेर टाकावीत, नाहीतर गाव पुन्हा फौजेच्या हवाली. नावं लिहिलेली नाहीत, म्हणून तुझा हात अडला नसेल. शेवटी फराटा अगदी ठसठशीत आलाय.

आता नावं तुला माहीत झाली.

या बायांपैकी एकीच्याही हातात मी फावडं देणार नाही. तू पाद्र्याची दीक्षा घेतलीस. ये, त्या खड्ड्याशी उभा राहा, आणि एक तर मला येत नाहीत ते प्रार्थनेचे शब्द म्हण, नाहीतर स्वतःच्या हाताने उकर. घंटांचं मी देवाला सांगेन, ते माझं. कागदाचं तुझं.

कार्डिनलचं उत्तर मला नको, दुसऱ्या कारकुनाच्या अक्षरातलं तर नकोच. पंधरा दिवसांच्या आत तू स्वतः उत्तर द्यायचं, अंजिराखाली उभं राहून.

तुझी आजी तेस्सा