जळक्या फळ्यांची भिंत

९ जून

आज रॉयडनच्या हॉटेलातलं फॉल्स सीलिंग मी स्वतः फोडलं. सुतार शिडीवर चढत होते, म्हटलं व्हा बाजूला! घण फिरवला आणि ती पीओपीची फुलं, ते गुलाबी-निळे दिवे, सगळं धाडकन खाली. केसांत, कानांत, तोंडात पांढरी भुकटी. काय बरं वाटलं! असलं छत ज्यानं घातलं त्याच्या डोक्यात तोच घण घालावा. आरोंद्याच्या खाडीला लागून जागा, बाहेर माड, पाणी — आणि आत दिल्लीच्या लग्नाचा मांडव!

सजावटीचं काम देताना रॉयडनची अट एकच. “माका असां कायतरी कर, जां हयसरच गावतला. गोव्यात गावता नये.” म्हटलं, गोव्यात न मिळणारं हवं तर मग मधेमधे बोलायचं नाही. गिलावा तासून जांभा चिरा उघडा करणार. खाली लाल कोबा. खिडक्यांना काच नाही, शिंपल्यांच्या चकत्या — उजेड दुधासारखा आत येतो. त्याची आई रोझाबाय मागून आली. “चिरो उघडो कित्याक गो? गिलावो परवडाक नाय असां लोक म्हणतले!” तिला कोण समजावणार.

गल्ल्यामागची मोठी भिंत मात्र सुचत नाही. दारातून आल्यावर पहिली नजर तिथेच जाते. रॉयडन मोबाइलवर परदेशातले फोटो दाखवतो. मोबाइल खाडीत भिरकावावासा वाटतो.

१२ जून

आमची बोट जळली.

मासेमारी बंद म्हणून किनाऱ्यावर ओढून ठेवलेली, वर माडाच्या विणलेल्या झापांची शाकारणी. झाप वरून ओले, आतून कोरडे ठणठणीत. संध्याकाळी आरडाओरडा ऐकला, धावले तर ज्वाळा माडाच्या शेंड्याला भिडलेल्या. सिद्धेश आत शिरायला निघाला. मी त्याची कंबर धरली. नवऱ्याचं कोपर माझ्या तोंडावर बसलं, ओठ फाटला, तरी सोडलं नाही. सासऱ्यांच्या वेळची बोट! फणसाचं लाकूड, अजून वीस वर्षं पाण्याला हार गेलं नसतं.

आग विझल्यावर तो एकच शब्द बोलला. “बाबली.”

बाबलीची बोट आमच्या शेजारीच असते. गेल्या महिन्यात बोट ओढायच्या जागेवरून दोघांची जुंपली होती. तेव्हा बाबली सगळ्यांसमोर बोलला होता, “तुझी बोट हयसर ऱ्हवता कशी तां बघतंय!” आज किनाऱ्यावर जो तो तेच आठवत होता. वर आणखी एक — सिद्धेश एलईडीवाल्यांच्या उरावर बसलेला. समुद्रात प्रखर दिवे सोडून मासळी पिल्लांसकट उपसणाऱ्यांना बंदरात पाय ठेवू देणार नाही, असं मोर्चात पुढे उभं राहून ओरडणारा तोच. त्या लोकांनी बाबलीला फूस दिली असणार, असं सगळ्यांचं ठरलं.

माझंही ठरलं.

१३ जून

हे लिहू नये असं वाटतंय. पण लिहिणार.

सकाळी बाबली जाळं विणत बसला होता. सिद्धेशनं वल्हं उचललं. पहिला फटका खांद्यावर. बाबली उठायला गेला, दुसरा पायावर. मग मोजलंच नाही कोणी. लाकूड हाडावर बसतं तो आवाज मला सुतारखान्यातला वाटला, आणि ते आणखी घाण. बाबली दोन्ही हात डोक्यावर धरून ओरडत होता, “मी नाय रे! आवशीची शपथ, मी नाय!” त्याचे हात खाली आले आणि मग शेवटचा फटका डोक्यात.

कोणी अडवलं नाही. मीही नाही. खोटं कशाला लिहू? आणखी मार, असं मनात म्हणत होते मी.

१४ जून

बाबलीला गोव्याच्या हॉस्पिटलात नेलं. शुद्ध नाही. पोलिसांना अख्ख्या किनाऱ्यानं एकच सांगितलं — धक्क्यावरच्या शेवाळावरून पाय घसरला. मीसुद्धा हेच सांगितलं!

२० जून

भिंत सुचली!

बोटीच्या सांगाड्याकडे बघत उभी होते. जळलेल्या लाकडाला सुसरीच्या पाठीसारखे खवले पडतात, त्यावर ऊन आलं की काळ्यात निळं चमकतं. सध्या बंगल्यांमधून जळक्या लाकडाच्या भिंतींचं वेड आहे, पण तिथे नव्या कोऱ्या फळ्या मुद्दाम जाळतात. आमची खरीच जळलेली. गल्ल्यामागे अख्खी भिंत त्या फळ्यांची. येणारा माणूस दारातच थबकला पाहिजे. आणि बाबलीच्या बाजूनं कोण आलं तर त्यानंही बघावं बाबलीनं काय केलंय ते!

सिद्धेशला सांगितलं. असा भडकला! ताटली भिंतीवर फेकली, भात सगळीकडे. “तिका हात लावायचो नाय! उद्या खाडीत नेऊन बुडवतंय.” बापाची बोट, दुःख असणारच. पण बुडवायची म्हणजे काय? माझ्या ओठावरचे टाके अजून ओले आहेत, आणि हा मला लाकडाबद्दल हुकूम सोडतो.

२१ जून

तो मीटिंगसाठी कणकवलीला गेला आणि मी टेम्पो बोलावला. फळ्या कुडाळच्या एमआयडीसीत, सत्यवानच्या सुतारखान्यात. घरी येऊन सांगितलं तेव्हा त्यानं माझा दंड असा पिरगळला की बोटं उमटली. मीही चावले. तसाच बाहेर निघून गेला.

२७ जून

आठवडाभर नुसतं जाळतेय. पडून असलेल्या नव्या फळ्या, त्यांवर गॅसची बत्ती. जोड द्यायला तसाच काळा रंग हवा. जाळायचं, तारेच्या ब्रशनं कोळसा खरवडायचा, अळशीचं तेल पाजायचं. आता हात बसला. ज्योत ज्या बाजूनं लागते तिथे खवले खोल आणि मोठे. पलीकडे नुसता करपलेला डाग. जळलेली फळी हातात दिली तर आग कुठून लागली ते डोळे मिटून सांगेन. सत्यवान म्हणतो, “वैनी, तुमका आगीचो लळो लागलो.” लागू दे. बाकी सगळ्याचा वीट आलाय.

बाबली अजून बेशुद्धच.

३० जून

आज आमच्या फळ्या घासायला घेतल्या.

पहिली फळी उलटी केली. बाहेरच्या बाजूची काजळी पुसली तर खाली सिद्धेशनं गेल्या वर्षी मारलेला निळा रंग तसाच! फक्त फोड आलेले. आतली बाजू बोटभर खोल कोळसा. दुसरी तशीच. तिसरी तशीच. बाहेरून कोणी झाप पेटवले असते तर निळा रंग आधी गेला असता. आग आतून लागली. बोटीच्या पोटातून.

तळाची फळी घेतली. तिथे भगदाड. सांध्यात शिसं वितळून बसलेलं, तांब्याच्या तारेचे मणी, आणि एक ॲल्युमिनियमची चपटी चौकट, अर्धी वितळलेली. छिन्नीनं उकरून काढली. कडेला छोट्या छोट्या बल्बांच्या रांगा.

बॅटरी. आणि एलईडीचे दिवे. आमच्या बोटीत!

मोर्चात पुढे उभं राहून ओरडायचं आणि काळोखात तेच दिवे पाण्यात सोडायचे. बॅटरी काढून घरी आणली तर मी बघेन, म्हणून तिथेच ठेवली असणार, कोरड्या झापांखाली. तीच पेटली.

हातोडी घेतली आणि समोर होतं ते फोडत सुटले. जाळलेले नमुने, स्टूल, शिंपल्यांच्या खिडकीची अख्खी चौकट. सत्यवाननं मागून मिठी मारून आवरलं. “काय झाला?” म्हटलं, काही नाही. ती फळी सुतारखान्याच्या माळ्यावर टाकली.

२ जुलै

सिद्धेशला सांगायचं कसं? दिवे लपवले, तो चोरच — पण बोट बाबलीनंच जाळली असं त्याला खरंच वाटलं होतं. निर्दोष माणसाचं डोकं फोडलं हे कळलं तर हा गळ्याला दोर लावेल. भांडी घासताना कप फोडते फक्त.

४ जुलै

सावित्री आली होती, बाबलीची बायको. दारातच उभी राहिली, आत बोलावलं तरी आली नाही. हातात त्याचे कपडे, हॉस्पिटलात निघाली होती. “किशोरी, तू थय होतंस. तू बघितलंस. माका पोलिसांक नाय सांगूचा, लोक वाळीत टाकतीत. माका एकटीक तरी खरां सांग. माझ्या घोवान तुमची बोट जाळल्यान?”

मी खाली बघितलं. तिनं वाट बघितली. मग गेली.

हे लिहितानासुद्धा स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. एक शब्द होता. “नाय.” तेवढासुद्धा निघाला नाही!

८ जुलै

भिंत उभी राहिली. कोळशाची बाजू समोर, निळा रंग मागे, खिळ्यांनी चिऱ्यात ठोकून टाकला. शिंपल्यांच्या नव्या खिडकीतून उजेड आला आणि सगळी भिंत हलल्यासारखी वाटली. माझ्या हातचं इतकं चांगलं काम आजवर झालेलं नाही. रॉयडन तोंड उघडं टाकून उभा. “असां खंयच नाय! खंयच नाय!” रोझाबायनं मात्र क्रूस काढला. “हयसर बसान जेवूचा कसा गो?”

ती एकटीच शहाणी. मला तर प्रत्येक फळीवर बाबलीचे हात दिसत होते. कुऱ्हाड आणून सगळं उभं चिरावं असं वाटलं, आणि रॉयडनला म्हटलं, तेलाचा आणखी एक हात लागेल.

११ जुलै

सिद्धेशला सगळं सांगितलं. फळी, शिसं, दिवे. वाटलं होतं कोसळेल, म्हणून हात धरून बसले होते. तो हलला नाही. म्हणाला, “ती फळी खंय आसा? आणि कोणाक दाखवलंस?”

त्याला माहीत होतं. वल्हं उचललं तेव्हाही.

मी म्हटलं, पोलिसांकडे. तेव्हा ती अजून माळ्यावर होती. आता नाही. सावित्रीला खरं सांगितलं आणि दोघींनी मिळून ती पोलीस ठाण्यात उचलून नेली.