प्रॅक्टिकलला हातभार

सोमवार, ४ मार्च. सकाळ.
आजपासून रोजनिशी. मला अक्षर येत नाही, म्हणून मी बोलते आणि फोन लिहितो. त्याचं अक्षर कसं आहे, कोण जाणे. वाचणारं कुणी नाही, तेव्हा चालेल.
नातीचं कॉलेज घरबसल्या. दिवसा चष्म्याच्या दुकानात काउंटरवर, संध्याकाळी सायन्स. आज प्रॅक्टिकलचं किट खोक्यातून आलं. लॅब कुठे, तर आमच्या स्वयंपाकघरात. सून म्हणाली, मग मी चूल गच्चीत मांडू का? मी म्हटलं, बाई गं, शास्त्रज्ञ उपाशी राहिले तरी चालतं.
संकल्प : लॅब असिस्टंट मी.

मंगळवार, ५ मार्च.
काम समजून घेतलं. उभी काचेची नळी, खाली तोटी. नळीत बाटलीतलं पाणी. नात त्याला सोल्यूशन म्हणते, पण दिसायला पाणीच. खालच्या चंबूत दुसरं पाणी. वरून थेंब थेंब सोडायचं. चंबू गुलाबी झाला की तोटी बंद. नळीतलं किती खर्च झालं, तो आकडा म्हणजे रीडिंग. रोज तेच केलं की रोज तेच रीडिंग आलं पाहिजे. एवढ्यासाठी तीन वर्षं!
नातीने बजावलं, आजी, बाटलीला हात लावायचा नाही. मी म्हटलं, मला काय हौस आहे?

गुरुवार, ७ मार्च.
रीडिंग दहा. नात खूश. पण बाटली पाव रिकामी! परीक्षा वीस तारखेला, कॅमेऱ्यासमोर. पास झाली तर डिग्री, आणि दवाखान्याच्या लॅबमधली नोकरी तिच्यासाठी थांबली आहे. नापास झाली तर आणखी वर्षभर लोकांचे चष्मे पुसायचे. आणि ही पोरगी सरावापायी सोल्यूशन उधळते. परीक्षेच्या दिवशी काय ओतणार, कपाळ?
मी संसार केलाय. पाहुणे वाढले की पातेल्यात तांब्याभर पाणी वाढवायचं, हे काय पुस्तकातून शिकायचं असतं? बाटली गळ्यापर्यंत भरून ठेवली. फिल्टरचं पाणी घातलं. हयगय नाही.

शनिवार, ९ मार्च.
रीडिंग तेरा. नात म्हणाली, माझंच काहीतरी चुकतंय. मी म्हटलं, आकडा वाढला म्हणजे प्रगतीच की. तिने कपाळाला हात लावला.
बाटली पुन्हा भरली.

मंगळवार, १२ मार्च. रात्री.
रीडिंग सतरा. सून म्हणाली, आई, तुम्ही त्या बाटलीला हात नाही ना लावला? ऐका! मी बाटलीला हात लावलेला नाही. झाकणाला लावला.
नात रडली. मला जमणारच नाही म्हणाली. मी ठणकावून सांगितलं, आपल्या घराण्यात आजवर कुणी नापास झालेलं नाही. परीक्षेला बसलं कोण होतं, ते वेगळं.

बुधवार, २० मार्च.
परीक्षा. सर पडद्यावर. अगदीच कोवळे निघाले. खोली दाखवा म्हणाले. नातीने फोन चौफेर फिरवला. मी दाराआड.
रीडिंग बावीस. सर म्हणाले, बाटली जवळ आणा. इतका सराव केलात, मग बाटली गळ्यापर्यंत भरलेली कशी?
एवढा शिकलेला माणूस कौतुकाने विचारतोय म्हटल्यावर उत्तर द्यायला नको? मी पुढे झाले. सांगितलं, अहो, संपू नये म्हणून मीच भरून ठेवते. फिल्टरचं घालते.
सुनेने मला दंडाला धरून मागे ओढलं. सर बराच वेळ चष्मा काढून डोळे पुसत होते. परीक्षा रद्द. नवी सीलबंद बाटली येणार, पुढच्या बुधवारी पुन्हा. ही शेवटची संधी, म्हणाले. आणि एक अट : आजींनी कॅमेऱ्यासमोर खुर्चीत बसायचं, दोन्ही हात टेबलावर, दिसतील असे.
खास खुर्ची! कॉलेजात आणखी कुणाच्या आजीला मिळाली आहे का, असं नातीला विचारलं. ती चंबू धुवायला निघून गेली.

गुरुवार, २१ मार्च.
नात बोलत नाही. मग मीही बोलणार नाही. मी चुकलेच नाही, तर माघार कसली? पाण्याने बिघडलेली एक तरी वस्तू दाखवा म्हटलं.
सून म्हणाली, दूध.
तिला कुणी विचारलं होतं?

रविवार, २४ मार्च.
नवी बाटली आली. सुनेने कपाटात ठेवून कुलूप घातलं, किल्ली कमरेला. घरात चोर आहे की काय? असो. नाहीतरी लहानच बाटली आहे, पुरायची नाही. सांगून ठेवलं. मग म्हणू नका.

बुधवार, २७ मार्च.
इस्त्रीचे कपडे घातले. खुर्चीत ताठ बसले. हात टेबलावर. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. नाकाला खाज सुटली, सोसली. सर मला काहीतरी विचारतील असं वाटलं होतं. नाही विचारलं.
पहिलं रीडिंग दहा. दुसरं दहा. मी मनात म्हटलं, आता तिसऱ्याला बघा. तिसरंही दहा. बाटलीत शिल्लकसुद्धा राहिलं.
नात पास. धावत आली आणि माझ्या गळ्यात पडली. मी तिला जवळ घेतलं नाही. हात टेबलावर होते ना.
मग सर म्हणाले, आजी, आता हात उचलले तरी चालतील.
उचलले. पण आता त्यांना काम काय द्यायचं, ते कुणी सांगेना.