लेकाच्या भाषेला गिऱ्हाईक नाही

प्रिय धाकटे,

अनेक आशीर्वाद. आम्ही मायलेक ठीक आहोत. तुझा गुडघा काय म्हणतो?

संगणकाचे प्रोग्राम लिहायला लेकाने इतकी वर्षं खपून जी नवी भाषा बनवली, ती कोणी वापरत नाही. सगळे त्या जुन्या, गचाळ भाषेलाच चिकटलेत. त्याच्या मित्राला मी फैलावर घेतलं. तो म्हणाला, "काकू, याची भाषा सरसच आहे. पण अडलं तर विचारायचं कोणाला? तिकडे उत्तर द्यायला हजारो बसलेत." म्हणजे गर्दी आहे म्हणून गर्दी. शाळेत नन्सनी आम्हाला रांगेत उभं राहायला शिकवलं होतं, कळपात नव्हे.

मग मीच ती शिकायला बसले. रोज मुद्दाम शंका काढायचे आणि तो जेवण थंड करून समजावत बसायचा. काल अशीच शंका विचारली तर म्हणाला, "आई, सोड ते. सोमवारपासून मी त्या जुन्या भाषेच्याच कामावर जातोय." मी वही मिटून ठेवली.

घरी सगळ्यांना त्याला नोकरी लागली एवढंच सांग. अभिनंदनाचा फोन मात्र कोणाला करू देऊ नकोस. त्याला "थँक्यू" म्हणावं लागेल.

तुझी, कधी नव्हे ती गप्प झालेली,
ताई