परत येण्याचा पुरावा

प्रिय पल्लवी,

तुझा व्हिसा आल्याचं तुझ्या बापानं फोनवर कळवलं, आणि पेढे पाठवलेत असंही सांगितलं. अजून पोचलेले नाहीत. कुंडल ते सातारा म्हणजे काही मेलबर्न नव्हे, पण असो.

गेल्या सहा महिन्यांतली तुझ्या कागदांची धावपळ आठवली की मला आधी हसू येतं आणि मग राग. दहावीच्या दाखल्यापासून छातीच्या एक्स-रेपर्यंत सगळं जमलं. अडलं कुठे, तर मुलगी शिकून परत येईल कशावरून, इथे. तिच्या स्वतःच्या नावावर इकडे काही असेल तर बरं दिसतं, असं सांगलीचा एजंट म्हणाला. तुझा बाप, आमचा दादासो, ज्याला वीजबिलाच्या रांगेत उभं राहणंही कमीपणाचं वाटतं, तो आठ दिवसांत तलाठ्याकडे चार खेपा घालून आला. ओढ्याकडची दोन एकर जयराजच्या आणि तुझ्या नावावर लागली. तू सातबाऱ्याचा फोटो पाठवलास. भावाच्या नावाखाली तुझं नाव. मी तो मोठा करकरून पाहिला. जे तुझ्यासाठी तुझ्या आईला तुझ्या बापाकडे मागता आलं नसतं, ते एका परक्या सरकारनं न मागता मिळवून दिलं.

माझंही नाव तिथे एकदा लागलं होतं, तुझे आजोबा गेल्यावर, वारस म्हणून. तीन महिने टिकलं. आजोबांनी फौजेत असताना मला बेळगावच्या कॉन्व्हेंटमध्ये घातलं, पुढे तीस वर्षं मी विमा कंपनीत लोकांच्या अर्जांतल्या चुका काढल्या, आणि स्वतःच्या हक्कसोडपत्रावर मात्र न वाचता सही केली. दादासो म्हणाला होता, "आक्का, नुसती सही हाय. म्हायेर कुठं पळून जातंय व्हय?" मग तुझ्या आईनं माझी ओटी भरली, साडी दिली, आणि कचेरीतून येताना सगळ्यांनी मिसळ खाल्ली. मीही खाल्ली. तुझे आतोबा गेले तेव्हा मी विचारलं, काही दिवस कुंडलला येऊन राहू का. तोच दादासो म्हणाला, "आगं, घर तुझंच हाय की. चार दिस ऱ्हा." चार. पाचव्या दिवशी मी एसटी धरली.

व्हिसाच्या अर्जासोबतचं तुझं निवेदन मी तीनदा तपासलं. तू लिहिलं होतंस, ओढ्याकडचं माझं शेत क्षारानं पांढरं पडत चाललंय, मातीचा अभ्यास करून मी तिथेच परत येईन. इंग्रजी बरंच सुधारलं, 'माझं' मात्र तसंच ठेवलं. तुला अर्जात विचारलं होतं, तू परत कशासाठी येशील? आपल्या घरात हा प्रश्न कुठल्याच मुलीला कधी कुणी विचारला नाही. आपल्याकडे विचारतात ते एवढंच, की निघणार कधी.

आता हे पत्र कशासाठी ते सांगते. फोनवर तुझा बाप शेजारी उभा असतो, म्हणून मयूरीच्या पत्त्यावर पाठवते आहे. मैत्रीण आहे, ती गुपचूप तुझ्या हातात देईल. येत्या गुरुवारी तुला पलूसला नेणार आहेत. बँकेचं काम आहे असं सांगितलं असेल. ते हक्कसोडपत्र आहे, जयराजच्या नावे. व्हिसा मिळाला, आता तुझ्या नावाचं काम संपलं. साक्षीदार म्हणून मला बोलावलंय, "तुझं ऐकती ती, जरा समजावून सांग," असं म्हणून. तर समजावून सांगते: सही करू नकोस. तिथला नोंदणी कचेरीतला साहेब विचारेल, राजीखुशीनं करताय ना? तसं त्याला विचारावंच लागतं. मला विचारलं तेव्हा मी मान हलवली होती. तू तोंडानं नाही म्हण, त्याला ऐकू जाईल असं. बाप बोलायचा थांबेल, आई रडेल, आणि रविवारी विमानतळावर सोडायला बहुधा कुणी येणार नाही. मी येईन. गुरुवारी गाडी करून पलूसच्या कचेरीबाहेर थांबते. पासपोर्ट घरी ठेवू नकोस, पर्समध्ये घेऊन ये.

तुझीच,
विजयमाला आत्या