लवकर सुरू केलेलं गाणं

ता. ३ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

वहिनी माझ्याकडे सुखरूप आहे, काळजी नसावी. दिवसभर माझ्या शिवणाच्या दुकानात बसून काजं करते. माझ्यापेक्षा सरळ करते, गिऱ्हाइकांना सांगू नकोस! पण प्रार्थनेला बसत नाही.

दादा, लेकीच्या अंत्यविधीला वहिनीला हुंदका फुटला आणि तू ऑर्गनवाल्या काकांना खूण करून गाणं लवकर सुरू करायला लावलंस. मग पाळक म्हणून उभा राहून उपदेश केलास, की देवाला सुखदुःख शिवत नाही. वहिनी म्हणते, माझं सहा वर्षांचं लेकरू गेलं तेव्हा ज्याला काहीच वाटलं नाही, त्याच्याशी मी काय बोलू? तिला काय सांगू, तूच कळव.

लोभ आहेच, तो वाढवणं तुझ्या हाती.
धाकटी

ता. ८ मार्च

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

तू कात्री चालव, धर्मशास्त्र माझ्यावर सोड. देवच आपल्यासारखा हेलावला, तर आपण धरायचं कुणाला? आणि पाळकच ढसाढसा रडू लागला, तर मंडळीनं कुणाकडे बघावं? तिला म्हणावं, घर वाट पाहतंय.

तुझा दादा

ता. १२ मार्च

ती. दादास,
सा. न.

घर वाट पाहतंय, आणि तू? कात्रीवालीला एवढंच कळतं, की मित्राच्या कबरेपाशी प्रभू रडला. घटकाभरात त्या मेलेल्याला पुन्हा जिवंत उठवणार हे ठाऊक असूनही रडला. वहिनी म्हणते, आता परत जायचं नाही. रागानं म्हणाली असती तर मी घाबरले नसते.

माया आहे म्हणून बोलते, राग मानू नये.
धाकटी

ता. २१ मार्च

प्रिय,

काल बेकरीवाल्याच्या तान्ह्या बाळाचा अंत्यविधी होता. शास्त्रपाठ वाचताना माझा आवाज फुटेना, डोळे वाहू लागले. माझी लाज राखायला काकांनी आपणहून गाणं सुरू केलं. सगळे गात होते आणि त्यात मी एकटा पडलो. त्या दिवशी मी तुझं काय केलं, ते तेव्हा कळलं. मी हात करून गाणं थांबवलं आणि सगळ्यांसमोर रडलो. बाळाची आई उठून माझ्याजवळ आली आणि तीही मोकळी झाली.

देवाला काय वाटतं, हे मी इतकी वर्षं छातीठोकपणे सांगत आलो. आता तसं सांगवत नाही. पण आपली लेक गेली तेव्हा मला काय वाटलं, हे तुला एकदाही सांगितलं नाही. ते सांगायला शनिवारी येतोय. परत चल म्हणणार नाही. दार तेवढं उघड.

तुझाच